अ.पा.क. म्हणून लावलेलं नाव

२०२५च्या सप्टेंबरात आमच्या सात एकरांतलं सोयाबीन चार दिवस पाण्यात उभं होतं. शेंगा भरलेल्या, आठ-दहा दिवसांत काढणीला आल्या असत्या. मी पुण्यात होतो. ताई शेतात होती. तिनं व्हिडिओ कॉल लावला आणि काही न बोलता मोबाईल नुसता चारी बाजूंनी फिरवला. पाणी, पाणी, मध्येच विहिरीचं कठडं, पुन्हा पाणी. मग म्हणाली, "बघितलास? ठेव आता. रेंज जायलीय."

नंतर अतिवृष्टीच्या अनुदानाचे कागद गोळा करताना कळलं की खातं सामाईक आहे, तेव्हा सगळ्या खातेदारांचं संमतीपत्र लागणार. दादा, म्हणजे आमचे वडील, २०२४ मध्ये गेले. वारसाची नोंद लागली तेव्हा सातबाऱ्यावर तीन नावं आली. आई, ताई आणि मी. ताई निलंग्याकडच्या तिच्या गावाहून एसटीनं आली, सही केली, आईजवळ घटकाभर टेकली आणि परत गेली, कारण दुसऱ्या दिवशी तिला आमच्याच रानातलं कुजलेलं सोयाबीन उपटायला तिकडून बायका गोळा करून आणायच्या होत्या. दादांच्या आजारपणापासून आमचं रान ती आणि दाजीच बटईनं करतात.

ती गेल्यावर भावकीतले एक चुलते मला म्हणाले, "दरवेळी हे झंझट कशाला? पोरीचं हक्कसोड करून घे की. साडी-चोळी कर, हातात काहीतरी ठेव. सगळेच करतात."

हक्कसोड म्हणजे बहिणीनं बापाच्या जमिनीतला आपला हिस्सा सोडून दिल्याचा कागद. खरंच सगळेच करतात. आमच्या औसा तालुक्यात, आणि मला वाटतं उभ्या मराठवाड्यात, बाप मेल्यावर वर्ष-दोन वर्षांत बहिणी एका जीपमध्ये बसून रजिस्ट्री कचेरीत येतात, रांगेत उभ्या राहून फोटो काढतात, अंगठे देतात आणि परत जाताना हॉटेलात भजी खातात. आत्याचंही असंच झालं होतं. आज्जा १९९७ला गेला आणि पुढच्या वर्षी दादा आणि काकांच्या वाटण्या झाल्या, तेव्हा आत्यानं सोडून दिलं. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो. मला त्या दिवशीचं एवढंच आठवतं की घरात पुरणपोळी होती.

तर चुलत्यांचं म्हणणं मला पटलं होतं. खोटं कशाला बोलू? वकिलानं मसुदा टाइप करून दिला आणि जुने फेरफार, म्हणजे जमिनीवरचं नाव बदलल्याच्या नोंदी, असतील तर बघा म्हणाला. म्हणून माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरवली.

ही पेटी आमच्या घरातली सगळ्यात जुनी वस्तू आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, चारला चार-पाच मिनिटं कमी असताना, भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती विसर्जन होतं, पोरं उशिरापर्यंत जागी होती. किल्लारी आमच्याच तालुक्यात. आमच्या गावात माणसं वाचली, भिंती वाचल्या नाहीत. दगड-मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती आणि वर माळवदाची हातभर माती. ते घर उन्हाळ्यात गार असायचं, त्याच घराची त्या रात्री भीती वाटली. मी आठ वर्षांचा होतो. अंगणात सगळे बोंबलत असताना थोरली आई, म्हणजे माझी पणजी, पंचाहत्तरीच्या आसपासची म्हातारी, अर्ध्या पडलेल्या दारातून पुन्हा आत गेली. दादा तिच्या मागं धावले. ती पेटी ओढत बाहेर आली. पुढचे कितीतरी महिने आम्ही शेतातच कडब्याच्या खोपीत झोपलो आणि ती पेटी तिच्या उशाला असायची. आम्हा पोरांना वाटायचं त्यात सोनं आहे.

सोनं नव्हतं. वरच्या थरात दादांच्या बँकेच्या नोटिसा, विजेची बिलं, खताच्या पावत्या. त्याच्या खाली जाड, पिवळट, घड्या पडलेल्या जागी फाटलेले कागद. काही उर्दूत. आमच्याकडं निजामाचं राज्य, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही हिंदुस्थानात नव्हतोच. महसुलाची भाषा उर्दू, वर्ष फसली आणि पैसा हाली सिक्का, सात हाली रुपये दिले की सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये, यायचे. गावातल्या एका निवृत्त मास्तरांकडून मी ते कागद वाचून घेतले. सगळ्यात जुना फसली १३४६चा निघाला, म्हणजे १९३६-३७. पणजोबानं सारा भरल्याची पावती. एकवीस एकर, काळी, एक विहीर. पणजोबाबद्दल घरात माहिती तेवढीच. विहीर त्यानं पाडली, रझाकारांच्या काळात बायको-पोराला बार्शीकडं नेऊन सोडलं आणि आपण एकटा परत आला, आणि १९५१ला कडब्याच्या पेंढ्या बांधताना त्याला पान लागलं. साप चावला असं आमच्याकडं म्हणत नाहीत.

मग हाताला लागला एक फेरफार. हा मराठीत होता. मयत अमुक, वारस मुलगा तमुक, वय अंदाजे चौदा, अ.पा.क. आई, आणि पुढं थोरल्या आईचं नाव.

अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता. अज्ञान म्हणजे इथं वयानं लहान. मुलगा सज्ञान होईपर्यंत जमीन सांभाळणारं माणूस. खालच्याच कागदावर १९५९ची नोंद आहे. खातेदार सज्ञान झाल्यामुळे अ.पा.क. शेरा कमी केला. त्यानंतर ती १९९६ पर्यंत जगली, रोज शेतात गेली आणि तिचं नाव पुन्हा एकाही कागदावर नाही. मी पेटी तळापर्यंत उपसली. रेशनकार्डाची एक झेरॉक्स तेवढी निघाली.

त्या आठ वर्षांत तिनं काय केलं ते मला आजीकडून, म्हणजे तिच्या सुनेकडून, कळलेलं आहे. आजी तिच्याबद्दल प्रेमानं बोलायची असं नाही. सासू ती सासूच. पण मोटेची गोष्ट सांगताना आजीचा आवाज बदलायचा.

नवरा मेल्यावर सालगडी पाडव्यापर्यंत टिकला आणि निघून गेला. दुसरा मिळेना, भावकीनंच मिळू दिला नाही असं आजी म्हणायची. विहिरीखाली तेव्हा दीड-दोन एकर बागायत, थोडा गहू, मिरची, कांदा. मोट हाकणं, म्हणजे बैलांकडून चामड्याच्या मोठ्या पोहऱ्यानं विहिरीतलं पाणी ओढून घेणं, हे गड्याचं काम. बैल धावेवरून खाली उतरायला लागले की हाकणाऱ्यानं नाड्यावर, म्हणजे मोटेच्या जाड दोरावर, बसायचं, आपल्या वजनाचा भार बैलांना द्यायचा. मोट भरून वर येते, सोंदूर ओढला जातो, सोंड थारोळ्यात मोकळी होते, पाणी धबकन पडतं. मग बैलांना मागं मागं सरकवत पुन्हा वर न्यायचं. हे सकाळपासून ऊन चढेपर्यंत. मोटकरी गाणी म्हणायचे ते काही हौस म्हणून नव्हे, बैलांना ती लय कळायची, कुठं वळायचं ते गाण्यावरून समजायचं. थोरल्या आईला मोटेची गाणी येत नव्हती, बायकांना कशी येणार? तिला जात्यावरच्या ओव्या येत होत्या. तिनं बैलांना ओव्यांवर चालवलं. पहिले आठ-दहा दिवस बैल बुजायचे, मध्येच थांबायचे. मग शिकले. आजी लग्न होऊन आली तेव्हाही त्या जोडीतला एक म्हातारा बैल दावणीला होता, आणि घरात कुणी दळायला बसून ओवी धरली की तो गोठ्यात उठून उभा राहायचा.

रांडाव बाई नाड्यावर बसते म्हणून गाव हसलं. हसू दे म्हणाली. रात्री ती पोराला घेऊन शेतातच झोपायची, कारण पूर्वेकडचा बांध दरवर्षी एका तासानं, म्हणजे नांगराच्या एका ओळीनं, आत सरकत होता. बांध कोरणं ही आमच्या भागातली सगळ्यात जुनी चोरी. नांगर धरणारा नेहमीपेक्षा वीतभर आत धरतो, बस. दहा वर्षांत पाच-सात गुंठे सहज जातात आणि कुणी कुणाला चोर म्हणत नाही. तिनं बांधाच्या कोपऱ्यावर एक उभा दगड रोवला, त्याला शेंदूर फासला आणि आसरा, म्हणजे पाण्याची देवी, आहे म्हणून सांगितलं. देवाला कोण ढकलणार? दगड तिथंच राहिला. आजीच्या मते शेंदूर फासताना ती म्हणाली होती, "देव नसला तर येईल."

आज्ज्याच्या काळात कागद भराभर वाढतात. कर्ज, तगाई, बोजा, बोजा कमी. १९७३चं खरेदीखतही आहे, ओढ्याकडचे सात एकर विकल्याचं. का विकले ते कागदात नाही, पण साल पुरेसं आहे. बहात्तरचा दुष्काळ. विहिरीचा तळ दिसला, बैल कुणी फुकट नेईना. आज्जा बैलांची जोडी घेऊन चारा असलेल्या मुलखाकडं निघाला तो एकटाच परत आला. आजी खडी फोडायला गेली. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, पदरात तीन पोरं, धाकटे काका चारेक वर्षांचे. रस्त्याच्या कडेला बायकांची रांग, समोर दगडांचा ढीग, हातात हातोडी. खडीच्या मापावर मजुरी, म्हणजे जेवढं फोडाल तेवढंच. पोरांना सुकडी मिळायची, दादा ती सुकडी कागदात बांधून घरी आणायचे. घरी मिलो ज्वारीची भाकरी, लाल, चिरा पडणारी. दादांना म्हातारपणीही लाल ज्वारी बघवायची नाही.

आजीच्या डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं होतं. हातोडीखाली आलं होतं. नवं नख यायचं ते पुन्हा तसंच, दोन फाकांत. लहानपणी मी तिच्या शेजारी झोपून त्या फटीत माझं नख अडकवायचो. "बहात्तरचं हाय ते," ती म्हणायची. जसं कुणी धोंड्याच्या सालचं वाण सांगावं तसं. रोजगार हमीचा कायदा राज्यात १९७७ला झाला. तो अशाच रस्त्यांवरून उभा राहिला म्हणतात. त्या रस्त्यांची हजेरीपटं कुठल्यातरी कपाटात असतील तर त्यात आजीचा तो अंगठा असेल, फुटलेला. आमच्या पेटीत नाही.

दादांबद्दल मी फार लिहिणार नाही, अजून जमत नाही. एवढं सांगतो की आज्ज्याच्या रानात एका वर्षात मी स्वतः मोजलेली अकरा पिकं असायची. पिवळी ज्वारी, तूर, उडीद, मूग, भुईमूग, थोडी अंबाडी, मग रब्बीला मालदांडी ज्वारी, हरभरा, करडई, जवस, गहू. दादांच्या हाती रान आल्यावर काही वर्षांत उरलं सोयाबीन आणि त्यात चार तासं तुरीची. त्यांना नावं ठेवायची माझी छाती नाही. २०२१च्या ऑगस्टमध्ये लातूरच्या बाजारात सोयाबीन दहा हजारांवर गेलं तेव्हा त्यांनी मला फोन करून भाव सांगितला. त्यांच्याकडचं सगळं फेब्रुवारीतच विकून झालेलं होतं, तरी सांगितला. आनंदानं. २०१६ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात त्यांनी तीन बोअर पाडले. दोन ठिकाणी पाचशे फुटांवर नुसता फुफाटा. आई सांगते, दुसऱ्या बोअरच्या रात्री गाडीवाला निघून गेला तरी ते त्या पांढऱ्या धुळीत उभेच होते.

बियाणं हा मात्र आईचा राग आहे. आजी ज्वारीची चांगली कणसं उभ्या पिकातच हेरून ठेवायची, वेगळी खुडायची, राखेत घोळून उतरंडीत ठेवायची. घरचं बी कुठलं ठेवायचं हे बायका ठरवायच्या. आता बॅग येते. बॅगेवर पेरणी, बॅगेवरच उत्पन्नाचा हिशोब, "बॅगला आठ कट्टे पडले". आई म्हणते, बॅग आली आणि आमाला कुणी विचारायचं बंद झालं. खुरपायचं तेवढं ठेवलं. तेही आता तणनाशकानं गेलं.

आईला मी पेटीतला तो अ.पा.क.चा कागद वाचून दाखवला. ती तुरी निवडत होती. म्हणाली, "म्हातारीचं नाव होतं व्हय कुठं? मला वाटलं कुठंच नसंल." मग थोड्या वेळानं, "ठेव नीट."

आत्यालाही फोन केला. १९९८च्या तिच्या सहीबद्दल मी तिच्याशी कधी बोललो नव्हतो. विचारलं, तुला वाईट नव्हतं का वाटलं? ती हसली. "अरे, माहेर पायजे का एकर पायजे? बाईला दोन्ही नसतंय. मी माहेर घेतलं." मग म्हणाली, "पर साडी तरी जरा बरी द्यायची. तुझ्या बापानं सुती दिल्ती. एका धुण्यात रंग गेला."

दादा गेल्यावर आत्याच दहा दिवस राहून आईला सांभाळत होती. काका तेराव्याला आले.

मला कायदा ठाऊक आहे. २००५च्या दुरुस्तीनं मुलीला मुलाइतकाच जन्मानं हक्क आहे, आणि आमच्या राज्यानं तर १९९४लाच त्या दिशेनं कायदा केला होता. नव्वदच्या सुमाराला शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्ती म्हणून मोहीम काढली, बायकोच्या नावावर जमीन करा म्हणून. आज्जा त्या सभेला गेला होता, बिल्ला छातीला लावून. घरी येऊन आजीला म्हणाला, तुझ्या नावावर दोन एकर करतो. आजी म्हणाली, आधी चहाला दूध आणा. हा किस्सा आमच्याकडं प्रत्येक लग्नकार्यात सांगितला जातो आणि सगळे हसतात. मीही हसत आलोय. पण दोन एकर झाले नाहीत, हे त्या किश्श्यात कुणी सांगत नाही.

ताईला मी हक्कसोडाचं विचारलं तेव्हा ती एका क्षणात हो म्हणाली होती. "कुठं सही करायची तेवढं सांग. मंगळवार सोडून कवाबी येते, मंगळवारी आमच्याकडं बाजार असतोय." मला तेच टोचतंय. ती भांडली असती तर माझं सोपं झालं असतं, वकील लावला असता, दोन वर्षं बोललो नसतो, जगरहाटी. ती पेरते, ती काढते, पुरात कमरेएवढ्या पाण्यात मोटर काढायला ती उतरली, आणि कागदावरून निघून जायलाही तीच तयार. मी वर्षातून तीनदा येतो आणि ई-पीक पाहणीचा, म्हणजे पिकाच्या सरकारी नोंदीचा, फोटो मात्र माझ्या मोबाईलवरून, माझ्या नावानं जातो.

या येळवशीला आम्ही सगळे शेतात होतो. लातूर-धाराशिवकडचे लोक समजतील, बाकीच्यांसाठी सांगतो, वेळा अमावस्येला आमच्याकडं गावं ओस पडतात, सगळी माणसं रानात. कडब्याची खोप, आत चुना लावलेले पाच दगड म्हणजे पांडव, भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यात आंबील. ताई आदल्या रात्रीच आली होती, भज्जीचे वाटाणे-हरभरे सोलून तिची नखं हिरवी झाली होती. पूजा झाल्यावर "ओलगे ओलगे सालम पोलगे" ओरडत शेताच्या चारी कडांनी आंबील शिंपायची असते. हे काम दादांचं होतं. दादांनंतर माझं. मी तांब्या घेतला, पण दहा पावलांवर ढेकळात पाय मुरगळला. शहरी पाय. ताईनं माझ्या हातातून तांब्या काढून घेतला आणि ओरडत पुढं निघाली. मी लंगडत मागं.

पूर्वेच्या कोपऱ्यावर ती थांबली. थोरल्या आईचा दगड आडवा पडला होता. पुरात माती खचली असेल, नाहीतर शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरनं पाडला असेल. तिनं तांब्या खाली ठेवला, वाकून बघितलं, आमच्या पहिल्या तासापासून पावलं टाकत मोजली. मोजताना ओठ हलत होते.

"दीड पाऊल आत आलेत," म्हणाली.

मग पदर खोचला, दगडाखाली दोन्ही हात घातले. मी पलीकडून धरला. दगड वाटतो त्यापेक्षा फार खोल असतो, हातभर तर जमिनीतच होता. जुन्या खळग्यात उभा केला, बाजूनं ढेकळं ठोकली, तिनं टाचेनं दाबली. शेंदूर नव्हता. तिनं हळदी-कुंकवाच्या पुडीतलं उरलेलं कुंकू आंबिलीत कालवलं आणि फासलं.

हात झटकत म्हणाली, "वकिलाचा कागद आणणार होतास ना? आज घरी सगळे हायत, अंगठा-सही उरकून घे."

"विसरलो," मी म्हणालो.

कागद मोटारसायकलच्या डिकीत होता.

"तू लहानपणापासनं असाच," ताई म्हणाली आणि तांब्या उचलून उत्तरेच्या बांधाला लागली.